कॅपिटल अक्षरांचे व्याकरण

इंग्रजीच्या शालेय व्याकरणात एक प्रश्न पिढ्यानपिढ्या विचारला जातो आहे. चार-पाच वाक्ये दिलेली असतात. त्यांतली नामे शोधायची, त्यांखाली रेघ ओढायची आणि प्रत्येक नाम ‘प्रॉपर’, ‘कॉमन’ की ‘कंपाउंड’ ते पुढच्या रकान्यात लिहायचे. मार्गदर्शकांत, शिकवण्यांच्या छापील सरावसंचांत, गृहपाठाच्या वह्यांत हा प्रश्न हमखास भेटतो. सोडवायला सोपा आणि तपासायला त्याहून सोपा, त्यामुळे त्याच्याकडे कोणी संशयाने पाहत नाही. प्रस्तुत लेखकाला मात्र तो आपल्या इंग्रजी-अध्यापनातल्या एका जुन्या आणि खोलवर रुजलेल्या खोटेपणाचे लक्षण वाटतो, आणि त्याविषयी थोडे कठोर बोलणे आवश्यक वाटते.

उदाहरण दूरचे नको. शेवगाव हे अहिल्यानगर (२०२४ पर्यंत अहमदनगर) जिल्ह्यातले तालुक्याचे ठिकाण. तिथल्या मराठी शाळेत शिकणाऱ्या एखाद्या मुलापुढे ‘शेवगाव हॅज अ बस स्टँड’ हे वाक्य आले, तर त्याने काय लिहावे? उत्तरसूचीची अपेक्षा अशी की ‘शेवगाव’ प्रॉपर आणि ‘बस स्टँड’ कंपाउंड. पण ‘शेवगाव’ या शब्दात ‘गाव’ आहे हे त्या मुलाला लख्ख दिसते. भायगाव, एरंडगाव, बोधेगाव, चापडगाव ही आसपासची नावे त्याने रोज ऐकलेली असतात आणि त्यांची घडण एकच आहे हे त्याला कोणी सांगावे लागत नाही. म्हणजे त्याच्या लेखी हेही जोडनामच. उलट ‘बस स्टँड’ हे काही एकाच स्थानकाचे नाव नव्हे. पाथर्डीला ते आहे, पैठणलाही आहे. म्हणून ते कॉमन. मुलाने ‘शेवगाव’पुढे कंपाउंड आणि ‘बस स्टँड’पुढे कॉमन असे लिहिले, तर दोन्ही उत्तरे खरी आहेत आणि दोन्हींवर लाल फुली बसणार आहे.

यात मुलाचे काही चुकलेले नाही, वाटणी चुकली आहे. प्रॉपर आणि कॉमन हा भेद नाम कशाला लागू पडते यावर उभा आहे. कंपाउंड हा भेद नाम घडले कसे यावर. दोन निराळ्या कसोट्यांनी पाडलेले वर्ग एका रांगेत बसवून ‘यांतला एक निवडा’ म्हणणे, म्हणजे गावातल्या माणसांची बायका, पुरुष आणि उंच अशा तीन गटांत शिरगणती करण्यासारखे आहे. या दोषाला आपल्या परंपरेत नावही आहे. उदयनाचार्यांनी, म्हणजे सुमारे हजार वर्षांपूर्वी, ‘जाती’ सिद्ध होण्याच्या आड येणाऱ्या गोष्टी मोजल्या, त्यांत ‘संकर’ ही एक गोष्ट आहे: दोन धर्म एकमेकांशिवायही आढळतात आणि एकत्रही आढळतात, तेव्हा त्यांना स्वतंत्र जाती मानता येत नाही. न्यायशास्त्र शाळेत शिकवावे असे येथे सुचवायचे नाही. पण सरावसंच छापणाऱ्याने ते एकदा चाळायला हरकत नव्हती.

आता हा प्रश्न प्रत्यक्षात सोडवला कसा जातो ते पाहू. नामाचा विचार करून तो कोणी सोडवत नाही. वर्गात एक युक्ती सांगितली जाते, आणि ती युक्तीच धडा होऊन बसते: मोठे अक्षर दिसले की प्रॉपर, दोन शब्द जोडलेले दिसले की कंपाउंड, उरलेले कॉमन. युक्ती दहांपैकी सात-आठ वेळा चालते, म्हणून टिकली आहे. ‘शुगर इज स्वीट’ या वाक्यात ती आपटते, कारण वाक्यारंभी साखरेलाही मोठे अक्षर मिळते. ‘ॲन इंडियन फार्मर’ येथे ती पुन्हा आपटते, कारण ‘इंडियन’ हे मोठ्या अक्षराने सुरू होणारे विशेषण आहे. ‘आय’ हे सर्वनाम तर जन्मभर कॅपिटल. आणि गंमत अशी, की ही सारी इंग्रजी वाक्ये मी येथे देवनागरीत लिहिली, त्याबरोबर मोठे अक्षर नाहीसे झाले. युक्तीवर विसंबलेल्या मुलाचे उत्तरही त्याबरोबर नाहीसे झाले. जे ज्ञान लिपी बदलताच उडून जाते ते नामाविषयीचे ज्ञान नव्हे. फार तर ते टंकलेखनाचे ज्ञान म्हणता येईल.

मोठ्या अक्षरांचा आणि विशेषनामांचा हा संबंध तसा अलीकडचा आणि स्थानिक आहे. जर्मन भाषेत प्रत्येक नामाला मोठे अक्षर मिळते, मग ते टेबल असो की गटे. डॅनिश लेखनात हीच पद्धत १९४८ च्या सुधारणेपर्यंत होती. खुद्द इंग्रजीत, १७८७ साली लिहिलेल्या अमेरिकेच्या संविधानात साधी सामान्यनामेसुद्धा मोठ्या अक्षरांनी सुरू होतात. म्हणजे अडीचशे वर्षांपूर्वीचे इंग्रजी पान आपल्या मुलापुढे ठेवले, तर त्याची युक्ती पहिल्याच ओळीत बुडेल.

मग हा भेद खरोखर राहतो कुठे? इंग्रजीत तो प्रामुख्याने ‘अ’, ‘ॲन’, ‘द’ या तीन लहानशा शब्दांत राहतो. ‘आय लिव्ह इन शेवगाव’ हे बरोबर. ‘आय लिव्ह इन व्हिलेज’ हे चूक, तिथे ‘अ व्हिलेज’ हवे किंवा ‘द व्हिलेज’ हवे, आणि त्या दोहोंत पुन्हा फरक आहे. मोजता येणारे एकवचनी सामान्यनाम इंग्रजीत सहसा एकटे उभे राहू शकत नाही, विशेषनाम राहते. विशेषनामांतही नद्यांना ‘द’ लागतो, गावांना लागत नाही. मराठीला हे उपपद ठाऊकच नाही. त्यामुळे मराठी माणसाचे इंग्रजी जिथे सर्वांत अधिक अडखळते अशा जागांत ही एक आहे. पदवीधर, प्राध्यापक, अधिकारी कोणीही यातून सुटलेले नाहीत. प्रॉपर-कॉमन भेदाचा इंग्रजी लिहिणाऱ्याला जो एकमेव रोजचा उपयोग आहे तो येथे आहे. आणि रेघा ओढण्याच्या प्रश्नात नेमके हेच कुठेही येत नाही. औषधाच्या बाटलीवरचे नाव पाठ करून घ्यायचे आणि औषध द्यायचेच नाही, असा हा प्रकार आहे.

मराठीतही हा भेद आहे, आणि तो इंग्रजीपेक्षा अधिक कानाला कळणारा आहे. आपल्या शाळांना त्याची दखलही नाही, म्हणून येथे थोडे थांबायला हवे.

विभक्तीचा प्रत्यय लागण्यापूर्वी मराठी नामाचे जे रूप बदलते त्याला आपण सामान्यरूप म्हणतो. गाव, गावाला. आता शेवगावच्या कोणत्याही माणसाला विचारा: तो ‘गावाला जातो’ म्हणतो, पण ‘शेवगावला जातो’. शब्द तोच, स्वतंत्र असताना त्याचे सामान्यरूप होते, नावात शिरला की होत नाही. जिल्ह्याच्या ठिकाणाची तर आणखी गंमत आहे. शेवगावकर पिढ्यानपिढ्या ‘नगरला’ जात आले आहेत. ‘त्या नगराला तटबंदी होती’ येथे नगर हे सामान्यनाम; ‘नगरला कोर्टात तारीख आहे’ येथे ते विशेषनाम; आणि फरक दाखवायला एका ‘आ’ची उपस्थिती किंवा अनुपस्थिती पुरते. (‘गावचा पाटील’ यात मात्र ‘गाव’ तसेच राहते, तो प्रकार निराळा, त्याविषयी स्वतंत्रपणे लिहिता येईल.)

माणसांच्या नावांत हे अधिकच स्वच्छ दिसते. प्रकाशला बोलाव, प्रकाशाला वाट दे. संतोषचा सदरा, संतोषाचा सुस्कारा. वसंतने उशीर केला. वसंताने रान फुलवले. स्त्रीलिंगी नामांत तर स्वरच पालटतो: आशाला निरोप दे, पण आशेला जागा नाही, छायाने डबा आणला, पण छायेत बसलो, प्रतिभाचे लग्न, पण प्रतिभेचे देणे. मायाने आणि मायेने यांतला फरक चार वर्षांच्या मुलाला चुकत नाही. त्याला हा नियम कोणी शिकवलेला नसतो, आणि तरीही तो त्याच्या जिभेवर पक्का बसलेला असतो.

या नियमाला अपवाद आहेत आणि तेही विचार करण्याजोगे आहेत. ‘पुणे’, ‘नेवासे’ यांसारखी नावे सामान्यरूप घेतात: पुण्याला, नेवाशाला. पुराणातला राम ‘रामाने रावणाला मारले’ असा येतो, पण वर्गातला राम ‘रामने वही आणली नाही’ असा. आदर दाखवायचा झाला की नाव अनेकवचनात जाते आणि सामान्यरूप परत येते: वसंतरावांनी, ज्ञानेश्वरांनी. जुन्या पिढीच्या बोलण्यात आणि ग्रंथिक भाषेत माणसांच्या नावांचीही सामान्यरूपे होत. शेवगाव तालुक्यातल्या गोदाकाठच्या ‘मुंगी’ या गावाचे नाव कसोटीला दाद देत नाही, कारण ईकारान्त स्त्रीलिंगी नामाचे एकवचनी सामान्यरूप वेगळे दिसत नाही. ‘मुंगीला गेलो’ यातली मुंगी गावच आहे हे संदर्भाने ठरते. एवढे अपवाद धरूनही, ज्या भाषेत विशेषनाम ओळखण्याची कसोटी मुलाच्या तोंडात तयार आहे, तिथे त्याला कॅपिटल अक्षर हुडकायला लावणे ही बौद्धिक उधळपट्टी आहे.

ती का होते, याचे उत्तर आपल्या व्याकरणाच्या इतिहासात आहे. दादोबा पांडुरंग तर्खडकरांचे मराठी व्याकरण १८३६ साली प्रसिद्ध झाले. त्यांनी इंग्रजी व्याकरणाचा आराखडा समोर ठेवला, आणि आठ शब्दजातींची जी चौकट आपण आजही पाठ करतो ती या मार्गाने मराठीत रुजली. कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी ‘शालापत्रका’तून दादोबांच्या व्याकरणाची कसून तपासणी केली, १९११ मध्ये मोरो केशव दामल्यांनी ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ हा प्रचंड ग्रंथ सिद्ध केला. या मंडळींचे ऋण फेडता येण्याजोगे नाही. पण शाळेपर्यंत झिरपले ते त्यांचे वाद नव्हेत, फक्त त्यांच्या याद्या. ‘विशेषनाम’ आणि ‘सामान्यनाम’ ही नावे मुलाला मराठीच्या तासाला मिळतात, इंग्रजीच्या तासाला त्यांचीच इंग्रजी नावे मिळतात, आणि दोन्ही तासांना व्याख्या एकच: ‘विशिष्ट व्यक्तीचे, स्थळाचे किंवा वस्तूचे नाव’. त्या व्याख्येत मराठीचेही काही नाही आणि इंग्रजीचेही नाही.

वास्तविक या भेदाचा विचार फार जुना आणि फार रंगतदार आहे. ग्रीक स्टोइकांनी विशेषनाम आणि सामान्यनाम या दोन स्वतंत्र शब्दजाती मानल्या होत्या. पतंजलीने शब्दांच्या प्रवृत्तीचे चार प्रकार सांगताना जाती, गुण आणि क्रिया यांच्याबरोबर यदृच्छाशब्द हा चौथा प्रकार सांगितला: ज्याच्या मागे कोणताही गुण वा जाती नसून केवळ ठेवणाऱ्याची इच्छा आहे असे नाव. जॉन स्टुअर्ट मिलने १८४३ मध्ये जवळपास हीच गोष्ट वेगळ्या वाटेने मांडली. डार्टमथ हे नाव डार्ट नदीच्या मुखावर वसल्यामुळे पडले. पण उद्या नदीने पात्र बदलले म्हणून गावाचे नाव बदलणार नाही. येस्पर्सनने १९२४ मध्ये मिलला विरोध केला: प्रत्यक्ष वापरात विशेषनामाइतका अर्थाने ओथंबलेला शब्द दुसरा नसतो, असे त्याचे म्हणणे.

मिलचे डार्टमथ आपल्याला नको. शेवगाव पुरे आहे. तिथे आता नगरपरिषद आहे, पण नावातले ‘गाव’ गेले नाही. आणि त्याहून बोलके उदाहरण तालुक्याच्या गोदाकाठी आहे. जायकवाडीचे धरण १९७६ साली पुरे झाले आणि नाथसागराच्या फुगवट्यात गंगथडीची गावठाणे गेली. देवळे, पार, वेशी पाण्याखाली. माणसे उठून दुसऱ्या जागी वसली, आणि गावाचे नाव माणसांबरोबर चालत गेले. ज्या जागेचे ते नाव होते ती जागाच उरली नाही, तरी नाव उरले. विशेषनाम म्हणजे काय, ते कशाला चिकटलेले असते, जागेला की माणसांच्या आठवणीला, हा प्रश्न विचारण्यासाठी शेवगावच्या मुलापेक्षा योग्य विद्यार्थी मिलला मिळाला नसता. त्या मुलाच्या आजीकडे याचे उत्तर असू शकते. त्याला आपण रेघ ओढायला सांगतो.

‘गंगथडी’ म्हटले म्हणून आठवले: या भागात गोदावरीला गंगाच म्हणतात. एका नदीचे विशेषनाम दुसऱ्या नदीला लागले आणि ‘मोठी नदी’ अशा अर्थाने जवळपास सामान्यनाम झाले. हा प्रवास झेरॉक्सनेही केला आहे आणि जेसीबीनेही. ‘दोन झेरॉक्स काढून आण’ म्हणणाऱ्या बापाच्या तोंडचा शब्द कोणत्या रकान्यात घालायचा, हे सरावसंच सांगत नाही.

आता जोडनामांकडे वळतो. तिथली अवस्था अधिकच केविलवाणी आहे. ‘दोन शब्द मिळून झालेले नाम’ एवढी व्याख्या सांगून मुलाला टूथब्रश आणि ब्लॅकबोर्ड यांची यादी दिली जाते. इंग्रजीत जोडनाम पुष्कळदा आघातावरून कळते: फळा या अर्थाच्या ‘ब्लॅकबोर्ड’मध्ये जोर पहिल्या अवयवावर पडतो, आणि काळ्या रंगाची फळी म्हणायची असेल तर जोर ‘बोर्ड’वर सरकतो. म्हणजे ही ऐकण्याची आणि म्हणण्याची गोष्ट. कागदावर रेघ ओढून ती शिकता येत नाही. लिहिताना तर इंग्रजी कधी शब्द जोडते, कधी तोडते, कधी मध्ये आडवी रेघ देते.

मराठीत जोडनाम ओळखण्याची खूण पुन्हा सामान्यरूपातच आहे. ‘उसाची तोड’ म्हटले की दोन शब्द, त्यांत ‘ऊस’चे ‘उसा’ झाले, प्रत्यय लागला. ‘ऊसतोड’ म्हटले की प्रत्यय गेला, सामान्यरूप गेले, आणि एक नवीनच वस्तू तयार झाली: हंगाम, स्थलांतर, उचल, मुकादम, टोळी या सगळ्यासकट. शेवगाव-पाथर्डीच्या कोरडवाहू पट्ट्यातून आणि शेजारच्या बीड जिल्ह्यातून दिवाळीच्या सुमारास कुटुंबे कारखान्यांकडे निघतात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. त्या मुलांच्या भाषेत ‘कोयता’ हे हत्यार आहेच, पण ‘एक कोयता’ म्हणजे मजुरीच्या हिशेबात नवरा-बायकोची जोडी, आणि एकटा माणूस म्हणजे अर्धा कोयता. एक सामान्यनाम दोन माणसांना मिळून लागते आणि हत्याराचे नाव माणसाला पडते, यात जेवढे व्याकरण आहे तेवढेच समाजशास्त्र आहे. याच मुलांसाठी कारखान्यांच्या आवारात शाळा चालवल्या गेल्या, त्यांना ‘साखरशाळा’ म्हणत. साखरेविषयी शिकवणारी शाळा नव्हे, साखरेची शाळा नव्हे; जोडनामाचा अर्थ त्याच्या तुकड्यांच्या बेरजेतून निघत नाही, याचे याहून चांगले उदाहरण मला ठाऊक नाही. टूथब्रशमध्ये हे काही नाही.

आणि खरी किंमत येथे मोजली जाते. महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे. ज्या घरात इंग्रजी वर्तमानपत्र येते तिथल्या मुलाला हा रेघांचा प्रश्न फुकट गेला तरी काही बिघडत नाही. त्याचे इंग्रजी दुसरीकडून येते. जे मूल वर्षातले कित्येक महिने फडावर असते आणि उरलेल्या महिन्यांत वर्गात बसते, त्याला मिळणारे सारे इंग्रजी त्या चाळीस मिनिटांचेच असते. त्या चाळीस मिनिटांत त्याला तीन लेबले मिळतात. वर्षअखेरीस त्याला ‘प्रॉपर नाउन’ हा शब्द येतो आणि ‘आय लिव्ह इन अ व्हिलेज’ हे वाक्य येत नाही. पुढे कुठेतरी अर्ज लिहिताना, मुलाखतीत बोलताना, तो ‘अ’ गळतो, आणि समोरचा माणूस मनातल्या मनात ‘खेडवळ’ असा शेरा मारून मोकळा होतो.

यावर ठराविक आक्षेप येतात. पहिला शिक्षकांचा: एकाच शिक्षकाकडे दोन-तीन इयत्ता, त्यात कागदपत्रांची रीघ, तिथे सामान्यरूप आणि उपपद कुठून काढणार? अडचण खरी आहे. पण आशाला-आशेला ही जोडी फळ्यावर लिहायला त्या रेघांच्या प्रश्नाहून कमी वेळ लागतो, आणि पुढचे काम मुले करतात. नावांची जोडी शोधण्याचा खेळ त्यांना कोणी लावून द्यावा लागत नाही. दुसरा आक्षेप शहरी शिक्षणतज्ज्ञांचा: इंग्रजी इंग्रजीतूनच शिकवावे, मराठी मध्ये आणू नये. हा आक्षेप ज्यांच्या घरी इंग्रजी बोलले जाते त्यांना शोभतो. तर्खडकरी भाषांतरपाठमालांवर इंग्रजी शिकलेल्या पिढ्यांनी मराठीचा पूल वापरला आणि त्यांचे इंग्रजी काही कच्चे राहिले नाही. तिसरा आक्षेप असा की व्याकरणाची परिभाषा यायलाच हवी. जरूर यावी. पण परिभाषा वस्तूच्या मागून येते. आधी मुलाला भेद ऐकू यावा, मग त्याचे नाव सांगावे. आपण नाव आधी सांगतो आणि वस्तू दाखवायची राहून जाते.

बदल करायचा तर फार मोठा नाही. रकान्यांचा प्रश्न काढून टाकावा. त्याऐवजी ‘विजयला विजयाची खात्री होती’ असे एखादे वाक्य द्यावे आणि विचारावे: येथे दोनदा आलेला शब्द दोन वेगळ्या रूपांत का आहे? मग तेच वाक्य इंग्रजीत करायला सांगावे, आणि इंग्रजीत तो फरक कशाने दाखवला जातो ते विचारावे. गावाच्या नावातले ‘गाव’ आणि ‘माझे गाव’ यांतले ‘गाव’ इंग्रजीत कसे जाते ते पाहावे. एक जसेच्या तसे जाते, दुसऱ्याचे ‘व्हिलेज’ होते, म्हणजे विशेषनामाचे भाषांतर होत नाही हेही मुलाच्या आपोआप ध्यानात येते. ‘उसाची तोड’ आणि ‘ऊसतोड’ शेजारीशेजारी ठेवावेत आणि इंग्रजीत दोन्हींना काय म्हणता येईल यावर वर्गात भांडण होऊ द्यावे.

अशा प्रश्नांची उत्तरसूची एका ओळीत छापता येत नाही आणि प्रत्येक उत्तर कोणाला तरी वाचावे लागते. रेघांचा प्रश्न इतकी वर्षे टिकला आहे तो बहुधा याच कारणामुळे.